उषा मेहता : सगळ्यांना ऐकू येणारा, पण पोलिसांना न सापडणारा रेडिओ



९ ऑगस्टचा क्रांतिदिन जवळ आला की आपल्या शाळांमध्ये भाषणांची तयारी सुरू होते. मुलं पाठ करून येतात, तारखा घडाघडा म्हणतात, टाळ्या होतात. पण त्या भाषणांतली नावं तीच ती असतात. म्हणून यावेळच्या चरित्रलेखासाठी एक वेगळं नाव निवडलं आहे, उषा मेहता. १९४२ साली मुंबईत गुप्त रेडिओ केंद्र चालवणारी २२ वर्षांची मुलगी. २०२४ साली त्यांच्यावर हिंदी चित्रपट आला आणि त्यामुळे थोड्या मुलांना नाव माहीत झालं. पण चित्रपट वेगळा आणि चरित्र वेगळं.

हे चरित्र निवडण्याचं दुसरंही एक कारण आहे. गणपती विसर्जनाला किंवा निवडणुकीच्या बंदोबस्ताला पोलीस आले की मुलं त्यांच्या खांद्यावरच्या वॉकीटॉकीकडे टक लावून बघतात. त्यातून खरखर येते, आकडे येतात, अर्धवट शब्द येतात. मग प्रश्न सुरू होतात. ते काय बोलतात? आपल्याला घरच्या रेडिओवर ते ऐकता येईल का? का नाही येणार? ते आपल्यापासून लपवतात का? मुलांचे हे प्रश्न साधे वाटतात, पण फार खोल आहेत. सरकारने काय गुप्त ठेवावं आणि लोकांना काय ऐकायला मिळावं, हाच तो प्रश्न. उषाताईंचं आयुष्य या प्रश्नाच्या अगदी मधोमध उभं आहे. म्हणून हा लेख थोडा सविस्तर लिहीत आहे. वर्गात तुमच्या सोयीने तुकडे करून घ्या.

न्यायाधीशांची मुलगी

उषा मेहता यांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी गुजरातमध्ये सुरतेजवळच्या सरस या गावी झाला. वडील इंग्रज सरकारच्या न्यायखात्यात न्यायाधीश होते. म्हणजे घरात सरकारी नोकरी, सरकारी पगार, आणि बाहेर सरकारविरुद्ध चळवळ. अशा घरातल्या मुलीने चळवळीत उतरायचं म्हणजे वडिलांच्या नोकरीवर गदा. आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी सरकारी नोकरी आहे, त्यामुळे ही अडचण तुम्हाला वेगळी समजावून सांगायला नको.

तरीही मुलगी थांबली नाही. पाच वर्षांची असताना तिने अहमदाबादला गांधीजींना पाहिलं होतं. १९२८ साली सायमन कमिशनच्या विरोधात निघालेल्या मिरवणुकीत ती आठ वर्षांची पोर घोषणा देत चालली. मुलांच्या एका मिरवणुकीवर पोलिसांनी हल्ला केला, झेंडा धरलेली मुलगी झेंड्यासकट खाली पडली. मग मुलांनी एक युक्ती काढली. झेंडा हिसकावता येतो, पण अंगावरचे कपडे कसे हिसकावणार? तेव्हा झेंड्याच्या रंगांचे कपडे घालून मुलं पुन्हा रस्त्यावर आली. लहान मुलांच्या डोक्यातून आलेली ही कल्पना तुम्ही वर्गात सांगून बघा, पोरं खूश होतात.

१९३० साली वडील निवृत्त झाले आणि घरातला तो अडसर दूर झाला. १९३२ मध्ये कुटुंब मुंबईला आलं. तिथे उषा चोरून छापलेली पत्रकं वाटायची, तुरुंगातल्या कैद्यांचे निरोप त्यांच्या घरी पोहोचवायची. म्हणजे बातमी अडवली जाते आणि ती पोहोचवावी लागते, हा धडा तिला बारा-तेराव्या वर्षीच मिळाला होता. अभ्यासातही ती हुशार. विल्सन कॉलेजातून १९३९ साली तत्त्वज्ञान विषय घेऊन पहिल्या वर्गात पदवी घेतली आणि पुढे कायद्याचा अभ्यास सुरू केला. तो अभ्यास १९४२ ने अर्धवट राहिला.

१९४२ : बातमीच बंद

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर छोडो भारतचा ठराव झाला. ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजींसह सगळे मोठे नेते पकडले गेले. हे आपण पाठ्यपुस्तकात शिकवतोच. त्यापुढचं मात्र थोडं कमी सांगितलं जातं. नेते पकडल्यावर सरकारने बातम्यांचा गळा आवळला. वर्तमानपत्रांवर कडक बंधनं आली. गांधीजींचं हरिजन बंद पाडण्यात आलं. रेडिओ तर सरकारचाच. मग देशात काय चाललंय हे लोकांना कळायचं कसं?

एक उदाहरण आपल्याच राज्यातलं घेऊ. ऑगस्ट १९४२ मध्ये आत्ताच्या वर्धा जिल्ह्यातलं आष्टी आणि चंद्रपूर जिल्ह्यातलं चिमूर इथे लोक उठले. त्यानंतर तिथे, विशेषतः चिमूरला, जे दडपशाहीचे आणि स्त्रियांवरच्या अत्याचारांचे प्रकार झाले, त्यांची बातमी बाहेर येऊ नये म्हणून सरकारने पुरेपूर प्रयत्न केले. चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवसांचं उपोषण केलं, तर त्या उपोषणाच्या बातमीवरही बंदी आली. म्हणजे घटना घडली तरी ती घडलीच नाही असं दाखवायचं. अन्यायाला साक्षीदार उरला नाही की अन्याय करणाऱ्याचं काम सोपं होतं.

आपला परभणी जिल्हा तेव्हा इंग्रजांच्या हद्दीत नव्हता, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथली तऱ्हा आणखी बिकट. स्टेट काँग्रेसवर १९३८ पासून बंदी होती. त्याच वर्षी वंदे मातरम् म्हटलं म्हणून औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहातून, कॉलेजातून काढून टाकलं होतं आणि त्यांतल्या अनेकांना शिकायला नागपूरला जावं लागलं. तेव्हा बोलायला आणि ऐकायला बंदी म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या आपल्या आजोबा-पणजोबांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण वंदे मातरम् या लेखात पुन्हा येणार आहे.

रेडिओ सुरू झाला

मुंबईत उषा आणि तिचे काही साथीदार एकत्र आले. विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी, विठ्ठलभाई झवेरी. शिकागो रेडिओ नावाच्या कंपनीचे नानक मोटवानी यांनी यंत्रसामग्रीची मदत केली. पत्रकं छापली तर ती हातोहात वाटावी लागतात, वाटणारा पकडला जातो. आवाज मात्र भिंतीतून जातो, जिल्ह्याची हद्द ओलांडतो. म्हणून रेडिओ.

२७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. निवेदनात सांगितलं जायचं की हे केंद्र भारतातच कुठेतरी आहे. नेमकं कुठे ते अर्थातच नाही. सुरुवातीला हिंदुस्थान हमारा हे गीत, मग बातम्या, भाषण, आणि शेवटी वंदे मातरम्. हिंदुस्थानीतून आणि इंग्रजीतून कार्यक्रम व्हायचे. काही दिवसांतच डॉ. राममनोहर लोहिया या कामात आले आणि भूमिगत काँग्रेसची साथ मिळाली. देशाच्या वेगवेगळ्या भागांतून माणसं बातम्या घेऊन मुंबईत यायची. चितगाववरचा हल्ला, जमशेदपूरच्या कारखान्यातला संप, आष्टी-चिमूरचे अत्याचार, अशा छापायला मनाई असलेल्या गोष्टी या रेडिओवरून सांगितल्या गेल्या.

इथे एक प्रामाणिक टीप मुलांनाही द्यावी. हा रेडिओ चळवळीचा होता. तो एका बाजूचा होता आणि तसं तो लपवतही नव्हता. बातमीबरोबर तो लोकांना लढायला सांगत होता. सरकारची बाजूही समजून घ्यायला हवी. युद्ध चालू होतं, जपानी फौजा ब्रह्मदेशापर्यंत आल्या होत्या, आणि शत्रूच्या देशांतूनही रेडिओवर प्रचार चालू होता. युद्धकाळात अनधिकृत रेडिओ धोक्याचा, असं सरकार म्हणत होतं. हौशी रेडिओवाल्यांचे परवानेही युद्ध सुरू झाल्यावर रद्द झाले होते. पण युद्धाचं कारण पुढे करून आपल्याच लोकांवर झालेला अत्याचार झाकणं हे संरक्षण नव्हे. हा फरक मुलांना समजला की निम्मा पाठ झाला.

थोडं विज्ञान : ऐकू येतं पण सापडत नाही

रेडिओचं गुपित समजल्याशिवाय उषाताईंचं धाडस कळत नाही. म्हणून हा भाग वगळू नका.

केंद्रातून निघालेली रेडिओ लहर दिव्याच्या उजेडासारखी चहूकडे पसरते. ज्याच्याकडे रेडिओ आहे आणि ज्याने काटा योग्य जागी लावला आहे, त्या सगळ्यांना ती मिळते. ४२.३४ मीटर म्हणजे त्या लहरीची लांबी. सहावी-सातवीच्या मुलांना भागाकार घालायचा तर ३०० ला ४२.३४ ने भागा. उत्तर सुमारे ७.१ येतं. तेवढे मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७१ लाख कंपनं. आजही हौशी रेडिओवाले याच भागात एकमेकांशी बोलतात.

आता गंमत बघा. काँग्रेस रेडिओची भाषा गुप्त नव्हती. त्यात सांकेतिक शब्द नव्हते की कोडं नव्हतं. तो सगळ्यांनी ऐकावा म्हणूनच होता. गुप्त होती ती फक्त जागा आणि माणसं. पोलिसांच्या वायरलेसचं बरोबर उलटं असतं. पोलीस ठाणं कुठे आहे हे सगळ्यांना माहीत, बोलणारा गणवेशात, नावाची पट्टी छातीवर. गुप्त असतं ते त्यांचं बोलणं. नव्या डिजिटल यंत्रणांमध्ये तर बोलणं आधी आकड्यांमध्ये बदलतात आणि मग ते आकडे एका किल्लीने असे उलटसुलट करतात की किल्ली नसलेल्याला नुसती खरखर मिळते. यालाच सांकेतिकीकरण म्हणतात. मोबाईलवरच्या मेसेजलाही आता तेच कुलूप असतं.

पण जागा लपवणं सोपं नसतं. दिशा ओळखणारी ॲन्टेना फिरवली की आवाज कोणत्या बाजूने येतो ते कळतं. दोन वेगळ्या ठिकाणांहून दोन दिशा काढल्या, नकाशावर दोन रेषा ओढल्या, की त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे केंद्र. पोलिसांच्या गाड्या ही यंत्रं घेऊन मुंबईत फिरत होत्या. शिवाय त्याच लहरीवर गोंगाट सोडून आवाज दाबण्याचाही प्रयत्न सरकार करत होतं.

म्हणून उषाताई आणि साथीदार केंद्र एका जागी फार दिवस ठेवत नसत. गिरगाव-चौपाटीच्या परिसरातल्या इमारती, लॅबर्नम रोड, शेवटी महालक्ष्मीजवळचं पॅराडाईज बंगला, असं बिऱ्हाड सतत हलत राहिलं. पुढे त्यांनी ध्वनिमुद्रण एका जागी आणि प्रक्षेपण दुसऱ्या जागी अशी वाटणी केली. म्हणजे एक सापडलं तरी दुसरं वाचावं. लोकांच्या डोळ्यांदेखत यंत्रं हलवायची, जागा भाड्याने घ्यायची, शेजाऱ्यांना संशय येऊ द्यायचा नाही, आणि रोज संध्याकाळी ठरल्या वेळी आवाज गेलाच पाहिजे. विचार करा, २२ वर्षांची मुलगी.

१२ नोव्हेंबर १९४२

पोलिसांना शेवटी वाट मिळाली ती यंत्रापेक्षा माणसाकडून. या कामातला एक तंत्रज्ञ त्यांच्या हाती लागला आणि त्याने माहिती दिली. १२ नोव्हेंबरला बाबूभाईंच्या कार्यालयावर छापा पडला. उषाताईंना धोका कळला होता. तेव्हा त्या पळून जाऊ शकल्या असत्या. त्यांनी आधी रेडिओची कागदपत्रं हलवली, मग ध्वनिमुद्रणाच्या जागी जाऊन लोहिया आणि इतरांना सावध केलं, दुसरं यंत्र तयार करायची व्यवस्था लावली, आणि त्यानंतर संध्याकाळचा कार्यक्रम चुकू नये म्हणून चंद्रकांत झवेरींबरोबर प्रक्षेपणाच्या जागी गेल्या.

नेहमीप्रमाणे गीत लागलं, बातम्या झाल्या, भाषण झालं. शेवटची वंदे मातरम्‌ची तबकडी फिरत असताना दारावर धडका सुरू झाल्या. एकामागून एक दारं तोडून मोठा पोलीस ताफा आत आला. त्यांनी तबकडी थांबवायला सांगितलं. उषाताईंनी ती थांबवली नाही. जे गीत म्हटलं म्हणून चार वर्षांपूर्वी आपल्या मराठवाड्यातली पोरं कॉलेजातून हाकलली गेली, तेच हे गीत.

२७ ऑगस्ट ते १२ नोव्हेंबर, दोन्ही दिवस धरून मोजले तर अवघे ७८ दिवस. अडीच महिन्यांचं आयुष्य असलेलं हे केंद्र आज ८० वर्षांनंतरही आपण आठवतो.

न बोलण्याचं धैर्य

जिने आवाज सोडला नाही, तिने पुढे तोंड उघडलं नाही. मला या चरित्रातला सगळ्यात मोठा भाग हाच वाटतो.

अटकेनंतर सुमारे सहा महिने चौकशी चालली. एकांतात ठेवलं गेलं. साथीदारांची नावं सांगितली तर परदेशात शिकायला पाठवू, असं आमिषही दाखवण्यात आलं. हुशार विद्यार्थिनी, अर्धवट राहिलेलं शिक्षण, आणि समोर परदेशाचं दार. त्या गप्प राहिल्या. खटल्यात त्यांनी न्यायाधीशांना विचारलं की प्रश्नांची उत्तरं देणं आपल्याला बंधनकारक आहे का. तसं बंधन नाही, असं समजल्यावर त्यांनी एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. स्वतःला वाचवणारं उत्तरसुद्धा नाही.

बाबूभाईंना पाच वर्षं, उषाताईंना चार वर्षं आणि चंद्रकांत झवेरींना एक वर्ष शिक्षा झाली. विठ्ठलभाई झवेरी आणि नानक मोटवानी सुटले. उषाताईंची रवानगी पुण्याच्या येरवडा तुरुंगात झाली. तब्येत ढासळली तेव्हा त्यांना मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणलं होतं आणि तिथेही पोलिसांचा रात्रंदिवस पहारा होता. १९४६ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आल्यावर त्यांची सुटका झाली.

गांधीजींना हे पटलं असतं का?

आता एक अवघड मुद्दा. शिक्षकांनी तो टाळू नये असं वाटतं. गांधीजींना लपूनछपून काम करणं आवडत नव्हतं. सत्याग्रही उघड असतो, कायदा मोडला तर तो समोर येऊन मोडतो आणि शिक्षा भोगतो, अशी त्यांची शिकवण. १९४४ साली तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी भूमिगत कार्यकर्त्यांना उघड होण्याचा सल्ला दिला. आणि उषाताई तर जन्मभर गांधीवादी. मग गुप्त रेडिओ बरोबर होता की चूक?

याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही आणि द्यायलाही नको. पण एक गोष्ट दिसते. उषाताईंनी जागा लपवली, कृत्य लपवलं नाही. पकडल्यावर हे मी केलं नाही असा बचाव केला नाही. शिक्षा भोगली. त्यांचं मौन होतं ते दुसऱ्यांची नावं वाचवण्यासाठी. आणि देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी सगळी हकिगत मोकळेपणाने सांगितली, मुलाखती दिल्या. म्हणजे त्यांचं गुपित कायमचं नव्हतं. त्याला मुदत होती, आणि मुदत संपल्यावर हिशेब द्यायची तयारी होती.

गंमत म्हणजे तिकडे पोलीसही तेच करत होते, थोड्या वेगळ्या पद्धतीने. काँग्रेस रेडिओचा शब्दन् शब्द पोलिसांचे लोक ऐकून लिहून घेत होते. ती टिपणं तेव्हा अत्यंत गुप्त. आज मात्र ती अभिलेखागारात अभ्यासकांना बघायला मिळतात. काँग्रेस रेडिओवर काय बोललं गेलं हे आपल्याला आज इतकं नीट माहीत आहे, ते बऱ्याच अंशी या टिपणांमुळे. ज्यांनी आवाज दाबायचा प्रयत्न केला, त्यांच्याच कागदांनी तो आवाज जपून ठेवला.

प्राध्यापक उषा मेहता

१५ ऑगस्ट १९४७ च्या आनंदसोहळ्यात उषाताई जाऊ शकल्या नाहीत, आजारपणाने त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. पण नंतर त्यांनी अर्धवट शिक्षण पुन्हा हाती घेतलं. गांधीजींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवर प्रबंध लिहून मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. ज्या विल्सन कॉलेजात शिकल्या तिथेच सुमारे ३० वर्षं शिकवलं. १९८० साली निवृत्त झाल्या. मुंबईच्या मणिभवनातल्या गांधी संग्रहालयाच्या कामात त्या शेवटपर्यंत राहिल्या. मंत्रिपद नाही, निवडणूक नाही. आपल्यासारखंच खडू-फळ्याचं आयुष्य. १९९८ साली भारत सरकारने पद्मविभूषण देऊन गौरव केला.

ऑगस्ट २००० मध्ये अंगात ताप असतानाही त्या ९ ऑगस्टच्या कार्यक्रमाला त्याच मैदानावर गेल्या. आता त्याला ऑगस्ट क्रांती मैदान म्हणतात. घरी आल्या त्या थकून. ११ ऑगस्ट २००० रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आता आपला प्रश्न : पोलिसांचं बोलणं लोकांनी ऐकावं का?

मुलांच्या वॉकीटॉकीच्या प्रश्नाकडे परत येऊ. अमेरिकेत कित्येक वर्षं दुकानात स्कॅनर नावाचा रेडिओ मिळत आला आहे. त्यावर पोलिसांचं, अग्निशमन दलाचं बोलणं कुणीही ऐकायचं. पत्रकार तर त्यावरच घटनास्थळी पोहोचायचे. अलीकडे तिथली शहरं हे बोलणं सांकेतिक करू लागली आहेत. शिकागोने २०२२ मध्ये तसं सुरू केलं आणि लोकांसाठी अर्धा तास उशिराने ऐकवण्याची सोय ठेवली. न्यूयॉर्कने २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आपल्या लहरी बंद करायला घेतल्या. पोलीस म्हणतात, गुन्हेगार ऐकतात, आणि पीडितांची नावं-पत्ते जगजाहीर होतात. पत्रकार आणि नागरिक म्हणतात, पोलीस चुकले तर ते कळणार कसं?

आपल्याकडे हा हक्क कधी नव्हताच. १९३३ च्या वायरलेस कायद्यानुसार परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणंही गुन्हा होता. एके काळी साध्या रेडिओलासुद्धा पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागायचा, घरातल्या ज्येष्ठांना विचारा, त्यांच्याकडे ते पुस्तक असेल. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे, आणि परवानगीशिवाय दुसऱ्याचे संदेश पकडणं हा त्यातही गुन्हा आहे. म्हणून मुलांना स्पष्ट सांगा, इंटरनेटवर बघून पोलिसांचा वायरलेस ऐकायचा प्रयोग करायचा नाही. उषाताईंचं उदाहरण त्यासाठी देऊ नये. त्यांचं राज्य परकं होतं, मत द्यायची सोय नव्हती. आपलं राज्य आपण निवडलेलं आहे आणि प्रश्न विचारायच्या वाटा उघड्या आहेत.

त्या वाटा मुलांना आणि पालकांना माहीत हव्यात. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संवेदनशील प्रकरणं सोडून प्रत्येक एफआयआर २४ तासांच्या आत वेबसाईटवर टाकावा. २०२० साली त्याच न्यायालयाने पोलीस ठाण्यांमध्ये सीसीटीव्ही बसवायला सांगितलं. म्हणजे बंदोबस्त चालू असताना पोलिसांचं बोलणं बंद राहिलं तरी नंतर त्यांनी काय केलं हे विचारता येतं. एखाद्या मुलीची तक्रार, एखाद्या घराचा पत्ता, अपघातात सापडलेल्याचं नाव, हे खरखरणाऱ्या रेडिओवरून गावभर होऊ नये, हे आपल्यातल्या कुठल्याही पालकाला पटेल. पण त्याच पालकाचा मुलगा पोलीस ठाण्यात गेला आणि आत काय झालं हे कुणी सांगेना, तर? तेव्हा हाच पालक म्हणेल की कागद दाखवा, कॅमेरा दाखवा. दोन्ही मागण्या खऱ्या आहेत. गुपिताला कारण हवं, मुदत हवी आणि शेवटी उत्तर देणारा माणूस हवा. या तीन गोष्टी असतील तर ते संरक्षण, नसतील तर ती लपवाछपवी. उषाताईंच्या चरित्रातून मला तरी ही कसोटी मिळते.

आणखी एक. खरी माहिती वेळेवर मिळाली नाही की तिची जागा अफवा घेते. १९४२ मध्ये मुंबईच्या पोरांनी जीव धोक्यात घालून बातमी पोहोचवली. आज आपल्या जिंतूर-गंगाखेडच्या कुठल्याही वाडीवर बातमी एका बोटाने पोहोचते, पण ती खरी आहे का हे बघायला कुणी थांबत नाही. गावात काही तणाव झाला की पालकांच्या ग्रुपवर काय काय फिरतं, ते आपण सगळे बघतो. फॉरवर्ड करायला धाडस लागत नाही. खात्री होईपर्यंत थांबायला लागतं.

वर्गात काय घेता येईल

१. दिशा शोधा : मैदानाच्या दोन कोपऱ्यांत दोन मुलांना डोळे बांधून उभं करा. तिसऱ्याने कुठूनतरी शिट्टी वाजवायची. दोघांनी आवाजाकडे हात करायचा. हाताच्या दिशेने फक्कीच्या रेषा ओढा. रेषा छेदतात तिथे शिट्टीवाला सापडतो. मग शिट्टीवाल्याला जागा बदलत राहायला सांगा. उषाताई घरं का बदलत होत्या हे न सांगता कळेल.

२. कुलूपबंद निरोप : प्रत्येक अक्षराऐवजी बाराखडीतलं पुढचं अक्षर लिहून चिठ्ठी पाठवा. किल्ली माहीत असलेल्यालाच ती वाचता येते. पोलिसांचा डिजिटल वायरलेस याच कल्पनेची फार मोठी आवृत्ती आहे.

३. चर्चा : शाळेत कोणत्या गोष्टी गुप्त असाव्यात आणि कोणत्या सगळ्यांना कळाव्यात? परीक्षेची प्रश्नपत्रिका, एखाद्या मुलाचा आजार, पोषण आहाराचा हिशेब, शाळा व्यवस्थापन समितीचे निर्णय. फळ्यावर दोन रकाने करा. प्रश्नपत्रिका परीक्षेपर्यंत गुप्त आणि नंतर उघड, ही मुदतीची कल्पना मुलं स्वतःच सांगतात.

४. घरचा अभ्यास : आजी-आजोबांना विचारून या, गावात पहिला रेडिओ कुणाकडे आला, त्यावर काय ऐकायचे, परभणी आकाशवाणीचा कोणता कार्यक्रम आठवतो. पाच ओळी लिहा.

५. भाषणासाठी : ९ ऑगस्टला ज्या मुलीला उषाताईंवर बोलायचं आहे, तिला तबकडी थांबवली नाही तो प्रसंग जरूर सांगू द्या. पण त्यानंतरचं सहा महिन्यांचं मौनही सांगायला लावा. कुठे बोलायचं आणि कुठे गप्प राहायचं, या दोन्ही गोष्टी ज्याला कळल्या त्याला नागरिकशास्त्र कळलं.

तुमच्या वर्गात यातला कोणता उपक्रम कसा झाला ते जरूर कळवा. मुलांचे प्रश्नही पाठवा, अवघड असले तरी चालतील.